माफी कोणी द्यावयाची?

पोलिसाने लाच घेऊ नये, याविषयी दुमत नाही. त्यासाठी दिवाळीच्या दिवसांत वाचकांना तसदी देण्याचेही कारण नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जेथे बहुतेक सगळेच हात बरबटलेले, तेथे सर्वांना तुरुंगात घातले तर चोर पकडावयास कोण उरणार? आणि सर्वांना सोडले तर न्याय कशाला म्हणावयाचे?

हा पेच १९७० नंतरच्या दशकात हाँगकाँगला पडला. तेथे लाचेला ‘चहाचे पैसे’ म्हणत. आपल्या ‘चहापाण्या’चे हे सख्खे भावंडच! फेरीवाल्यांकडून, जुगाराच्या अड्ड्यांकडून हप्ते गोळा होत आणि वाटणी वरपर्यंत जाई. नव्या पोलिसाला बसचा दृष्टान्त ऐकवीत: हिच्यात चढ, नाही तर शेजारून धाव, पण समोर उभा राहू नकोस. यातली मधली वाट मला सर्वांत भयंकर वाटते. सज्जनाला लबाड करण्याची गरजच नव्हती. त्याने मान वळविली की पुरे.

१९७३ च्या जूनमध्ये पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी, चौकशी चालू असताना, इंग्लंडला पळाला. त्याच्याजवळची ४३ लाख हाँगकाँग डॉलरची माया पगारातून साठणे शक्यच नव्हते. तोवर पोलिसांची चौकशी पोलीसच करीत. लोक खवळले, आणि १९७४ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर मॅकलेहोज यांनी थेट स्वतःलाच जबाबदार असा स्वतंत्र आयोग स्थापला. गॉडबरला परत आणून चार वर्षांची सजा झाली.

पण जाळे खालपर्यंत पोचले, तेव्हा पोलीसच उठले. २८ ऑक्टोबर १९७७ रोजी हजारोंनी निदर्शने केली. काही जण आयोगाच्या कचेरीत घुसले. आठच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मॅकलेहोज यांनी जाहीर केले की, १९७७ पूर्वीचे गुन्हे, अतिगंभीर व आधीच चौकशीत असलेले वगळता, उकरले जाणार नाहीत.

राज्यकर्ता म्हणून त्यांनी योग्यच केले, असे मला वाटते. आयोग टिकला, त्या तारखेपुढच्या लाचेला ही ढाल उरली नाही. पण याला क्षमा म्हणू नये. वहीपूजनाच्या दिवसांत हिशेबाचीच भाषा वापरतो: आपले येणे आपण सोडावे, शेजाऱ्याचे येणे सोडण्याचा अधिकार आपल्याला कुठला? हप्ता गेला होता फेरीवाल्याच्या गल्ल्यातून. आणि जे थोडे बसमध्ये चढले नाहीत, त्यांच्या खात्यावर काय जमा झाले? ही तडजोड होती, आणि तडजोड कधी कधी करावी लागते. मात्र ती करणाऱ्याने त्या फेरीवाल्याला एवढे तरी सांगावयास हवे होते की, बाबा, तुझे पैसे गेले. ते मिळवून देण्याइतके बळ आज आमच्या अंगी नाही.