न्यायासनावर बसून केलेले राजकारण

फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीला भरलेले साहित्य संमेलन नव्वदावे होते. ठाण्यातले डिसेंबर २०१० चे चौऱ्याऐंशीवे. ही मोजणी सुरू होते १८७८ च्या पुण्यातल्या ग्रंथकार संमेलनापासून. त्याचे अध्यक्ष होते महादेव गोविंद रानडे, सरकारी नोकरीतले सबजज्ज. कोर्टातल्या माणसाने लेखकांना एकत्र का आणावे, याचे उत्तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत आहे.

रानड्यांची वाट वेगळी का होती, हे तुलनेने कळते. त्याच काळात स्वीडनमध्ये लुई डी गेर हा न्यायाधीश राज्यकर्ता झाला होता. सरदार, धर्मगुरू, नागरिक आणि शेतकरी अशा चार वर्गांची जुनी संसद मोडून १८६६ मध्ये दोन सभागृहांची संसद आणणारी सुधारणा त्याची. तो स्वतः सरदार घराण्यातला होता, तरी आपल्या वर्गाचे वेगळे सभागृह त्याने संपवले. १८७६ मध्ये तो स्वीडनचा पहिला पंतप्रधान झाला. रानड्यांकडे ना मंत्रिपद होते, ना निवडून जाण्यासारखी संसद. १८७५ मध्ये पुणे सार्वजनिक सभा या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटात हिंदी प्रतिनिधी असावेत असा अर्ज केला. त्या सभेच्या कामामागे मुख्य बुद्धी रानड्यांची होती.

अशा अर्जांनी इंग्रज सरकार विरघळेल अशी त्यांची समजूत मुळीच नव्हती. अर्जाच्या निमित्ताने लोकांना आपल्या प्रश्नांचा अभ्यास करायची सवय लागते, हे त्यांना हवे होते. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा केली. १८७८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. आधी पुरावा, मग मागणी, ही कोर्टाची शिस्त त्यांनी सार्वजनिक कामात आणली. राजकारणाला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोठी देणगी.

सरकारला मात्र संशय होता. त्यांची नाशिकला आणि १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या सरकारविरुद्धच्या बंडाचे ते दिवस. धुळ्यात रानड्यांची पत्रे फोडून पाहिली जात. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे की, बंडखोरांच्या नावाने खोटी पत्रेही त्यांना येत, आणि ते ती सरळ पोलिसांकडे पाठवत. नोकरी त्यांनी सोडली नाही, काम थांबवले नाही. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पाळतीखाली लिहून पाहावे.

शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कामात त्यांचे न्यायाधीशपण आणि राजकारण एकत्र आले. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले. शेतकऱ्यांनी विशेषतः कर्जरोखे जाळले, कारण कोर्टात तेच त्यांच्याविरुद्ध बोलत. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली, आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. १८८१ पासून रानडे या कायद्याखाली गावे हिंडले. १८८७ मध्ये विशेष न्यायाधीश झाले. सावकार हटवला की प्रश्न सुटत नाही, स्वस्त पतपुरवठा आणि उद्योग लागतात, हे त्यांचे मत. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी ठासून सांगितले की, इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

घरात ते इतके ठाम राहिले नाहीत. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता १८७३ मध्ये, पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहाला नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून बसला. त्या मुलीला, रमाबाईंना, त्यांनी शिकवले. पुढे त्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या. तरीही त्या लग्नाचे समर्थन होत नाही.

१८९३ मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंगांच्या निधनानंतर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पुढे सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली, तेव्हा १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा काढली. त्यांच्या हाताखाली आकडे तपासायला शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला उभे राहिले. सरकारी खर्चाबद्दलच्या प्रश्नांना ते सरकारच्याच आकड्यांनी उत्तरे देत होते.