भेगेवरचा गिलावा

घर विकावयास काढले की प्रथम त्याला रंग दिला जातो. ज्या भिंतींकडे वीस वर्षे कोणी वळून पाहिले नाही, त्या चार दिवसांत उजळून निघतात. यात वावगे काय, असा प्रश्न एका निवृत्त गुरुजींनी आम्हांला विचारला. उत्तर वाटले तितके सोपे निघाले नाही.

गुरुजींचे वडिलोपार्जित घर धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात. जुने माळवदाचे घर. ढेळज, सोपा, दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांत धान्याचे बळद, वर तुळया-किलचांवर हातभर पांढरी माती. एक भाऊ पुण्याला, धाकटी बहीण आजारी, वारस तिघेही. मध्यस्थाने सांगितले, शहाबादी फरशी टाका, न्हाणीला टाइल्स बसवा, छताला प्लायवूड आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करा. भाव दुप्पट येईल. अडचण एकच होती. मागल्या खोलीच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक भेग आहे, आणि ती ३० सप्टेंबर १९९३ची आहे.

त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात काय घडले, हे या भागात कोणास सांगावे लागत नाही. गणेशविसर्जन आटोपून माणसे निजली होती. हजारोंचा जीव गेला, तो धरणीने जितका घेतला तितकाच घरांनी घेतला. या भिंती म्हणजे वस्तुतः दोन पातळ भिंती. मध्ये मातीगोट्यांची भर, दोहोंना जोडणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसताच दोन्ही अंगे सुटली आणि डोक्यावरच्या मातीचा भार निजलेल्यांवर कोसळला. जेथे छत लाकडी खांबांवर पेललेले होते, तेथे भिंती पडूनही छत पुष्कळदा उभे राहिले. पुढे पुनर्वसनाच्या कार्यक्रमात अशा घरांना आरपार दगड घालावेत, माळवदावरची माती कमी करावी, असे शिकविले गेले. गुरुजींच्या घरी यातले काहीच झाले नाही. घर उभे राहिले होते, तेवढ्यानेच सारे निर्धास्त झाले.

आता सजावट म्हणजे असत्य नव्हे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. बैलबाजारात शिंगे रंगवून बैल आणतात. त्याने कोणी फसत नाही. परंतु वय लपविण्यासाठी दात कानशीने घासले, की तो व्यवहार निराळा होतो. संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात हाच भेद केला. घोडा एकाक्ष असेल तर ते दिसतेच, किंमत त्या मानाने घेतली म्हणजे पुरे. परंतु दोष झाकलेला असेल आणि घेणाऱ्यास त्यापासून धोका अथवा तोटा होणार असेल, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे. हे केवळ धर्मशास्त्र नव्हे. आपल्याकडील १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५वे कलमही विक्रेत्यावर हेच बंधन घालते. त्याही पूर्वी सिसेरोने रोममधली एक हकीकत नोंदविली आहे. सेन्टुमॅलस नावाच्या गृहस्थास शकुनवेत्त्यांनी घराचा उंच भाग पाडण्याची आज्ञा केली होती. त्याने ती न सांगता घर विकून टाकले. न्यायाधीश केटोने त्याला भरपाई द्यावयास लावली.

गुरुजींनी येथे एक बिनतोड मुद्दा काढला. "फादर, भेग तर आज दिसतेच आहे. मी ती बुजवतो, म्हणजे दुरुस्तीच करतो ना?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मग लेवीयाचा चौदावा अध्याय आठवला. भिंतीवर रोगट डाग पडले तर याजकाने येऊन घर पाहावे, ते सात दिवस बंद ठेवावे, डाग पसरले असतील तर ते दगड उपटून गावाबाहेर टाकावेत, भिंत खरवडावी, आणि त्यानंतर नवे दगड घालून नवा गिलावा करावा. गिलाव्याला तेथे मनाई नाही. तो कशानंतर, एवढाच प्रश्न आहे. (घरे तपासण्याचे हे काम शास्त्राने आमच्या पेशाकडे सोपविले खरे. परंतु महागुरूंच्या भेटीपूर्वी गळतीच्या डागावर आम्हीच एकदा संतांची तसबीर टांगली होती, हेही सांगून टाकावे.) शिवाय मातीच्या भिंतीवर सिमेंट चढविले की ओल आतच कोंडते, आणि भिंत आणखी पोकळ होते. म्हणजे या उपायाने दोष नुसता झाकला जात नाही, तो वाढतोही.

"गावात सगळ्यांना ठाऊक आहे," असेही ते म्हणाले. घेणारा मात्र परतालुक्यातला होता. त्याची मुले त्याच खोलीत निजणार होती.

खरी अडचण पुढेच होती. भाव उतरला तर बहिणीच्या औषधपाण्याचा वाटा उतरणार. तिला कोणी विचारलेले नव्हते. दुसऱ्याच्या पैशावर आपण प्रामाणिक व्हावे काय? जो पैसा केवळ भेग झाकल्याने मिळणार, तो तिचाही नव्हता, असे आम्ही म्हटले. तर्क बरोबर आहे, असे आम्हांस आजही वाटते. पण ते म्हणताना आमच्या खिशातला एक रुपयाही जाणार नव्हता, याची आम्हांला लाज वाटली.

गुरुजींनी रंग दिला, फरशी घातली, भेग तशीच ठेवली आणि घेणाऱ्याला हात धरून दाखविली. त्याने भाव बराच पाडला. खरेदीखताच्या दिवशी भाऊ पुण्याहून आले, सही केली आणि गुरुजींबरोबर चहाही न घेता परतीच्या एस.टी.त बसले.