खत, निशाणी आणि इतिहासकार

१२ मे १८७५ रोजी सुपे (आज बारामती तालुका) येथील कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. हे लोण इंदापुराकडेही पसरले. भांडवलाचा इतिहास ‘खालून’ लिहू पाहणाऱ्यापुढे येथे एक नैतिक पेच उभा राहतो: तो ज्या कागदाला पुरावा मानतो, तोच कुणब्याच्या लेखी गळफास होता. त्यावर ऋणकोची असे ती केवळ नांगराची निशाणी; मजकूर धनकोचा. चौकशी आयोगापुढील साक्षीही सरकारदरबारच्याच. मग जाळण्याच्या कृतीलाच कुणब्याचे भाष्य मानावे काय? मानावे; परंतु सावधपणे. १८७९च्या कायद्याने शेतकऱ्याच्या खतांची नोंदणी सक्तीची केली. गहाण टाकण्यास जमीनच नसलेल्या मजुराचे नाव मात्र त्या नोंदवहीत शोधूनही क्वचितच सापडेल.