उपासनेतली फजिती

उपासनेतली फजिती चर्चइतकीच जुनी आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 20व्या अध्यायात प्रेषित पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबते. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक त्याला मेलेला समजून उचलतात. पौल खाली जाऊन त्याला कवटाळतो, आणि तो जिवंत असतो. त्यानंतर भाकर मोडून पौल पुन्हा पहाटेपर्यंत बोलतो! (या उत्साहाचे कौतुक करावे की श्रोत्यांची कीव, हे या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही.) झोपलेल्याला मात्र कोणी बोल लावत नाही. हाच पौल करिंथच्या मंडळीवर चिडतो, कारण तिथे प्रभुभोजनात काही जण आधी जेवतात आणि गरीब उपाशी राहतात. पावित्र्याला धोका डुलकीचा नसून एकमेकांच्या अनादराचा आहे.

हा आदर आजच्या लहान मंडळीतही दिसतो. सुरतेचे उदाहरण घ्या. तिथे लंडन मिशनरी सोसायटीने 1815 साली काम सुरू केले. शहराच्या लिंबायत, उधना या भागांत आज खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. अशा वस्तीतल्या लहान मंडळीत मराठी गीताची चाल एखाद्याने गुजराती भजनाकडे नेली, तर हसू फुटणारच. पण गाणारा कोण, त्याच्या घरी आजारी कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून ते हसू त्याला टोचत नाही.