कोठाराची वर्गणी

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने परवा फोनवर विचारले, "फादरकाका, कॉस्टकोची वर्गणी यंदा भरू की सोडून देऊ?" हा प्रश्न धर्मगुरूला विचारण्याजोगा नव्हे, असे मला आधी वाटले.

कॉस्टको म्हणजे गोदामवजा प्रचंड दुकान. वार्षिक वर्गणी भरणाऱ्यालाच तेथे घाऊक मापाने, स्वस्त माल मिळतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून साधी वर्गणी ६५ डॉलर, वरच्या श्रेणीची १३० डॉलर आहे. वरच्या श्रेणीत बहुतेक खरेदीवर दोन टक्के परत मिळतात. म्हणजे जादा ६५ डॉलर भरून निघण्यास वर्षाला ३२५० डॉलरची खरेदी हवी. पुतण्याच्या घरी माणसे तीन. तो आकडा गाठण्यासाठी ती नको असलेल्या वस्तू आणू लागली होती. असमाधानी सभासदाला वर्गणी परत देऊ, असे कंपनी सांगते; पण हा ती वस्तूंतूनच वसूल करीत होता!

त्याच संध्याकाळी आशागडच्या दुकानात आमच्या धर्मग्रामातील एक बाई पाव लिटर तेल घेताना दिसली. मोठा डबा स्वस्त पडतो, हे तिला ठाऊक नाही असे नव्हे. मजुरी रोजची, आणि दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर जायचे. डबा ठेवायचा कोठे? काटकसर करायलाही आधी पैसा लागतो. मी वर्षानुवर्षे काटकसरीवर प्रवचने दिली आहेत. ती तिला कशी ऐकू आली असतील, या विचाराने मी ओशाळलो.

पवित्र शास्त्रात कोठारे दोन आहेत. योसेफाने सात वर्षे पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, तो साऱ्या देशासाठी. लूकच्या शुभवर्तमानातील धनवान मात्र मोठी कोठारे बांधण्याचा बेत करताना फक्त स्वतःशीच बोलतो. त्याला शेजारी नव्हतेच की काय, कोण जाणे.

१८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेलच्या कामगारांनी एकेक पौंडाचे भाग जमवून स्वतःचे दुकान काढले. आपल्याकडे १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी घरी बसून भरतात आणि एकत्र मागवलेला माल वाटून घेतात. यातली यादी मला फार मोलाची वाटते. माल डोळ्यांपुढे येण्याआधीच गरज ठरलेली असते.

पुतण्याला मी एवढेच विचारले, "यादी कोण करते?" तो हसला. आता त्याने साधी वर्गणी ठेवली आहे आणि तांदळाची गोणी शेजारच्या गुजराती कुटुंबाबरोबर अर्धी-अर्धी घेतो.

आमच्याकडे पाच घरांनी मिळून तेलाचा पंधरा लिटरचा डबा आणावा, असे मी रविवारी सुचवले. पैसे आधी कोणी घालायचे, यावर अजून एकमत झालेले नाही.