खोटे माप आणि खरा कारभारी

सामान्य काळातील पंचविसावा रविवार (वर्ष क)
पहिले वाचन : आमोस 8:4-7
दुसरे वाचन : 1 तीमथ्य 2:1-8
शुभवर्तमान : लूक 16:1-13

प्रस्तावना

आजची उपासना आपल्याला बाजारात घेऊन जाते. आमोस संदेष्टा धान्याच्या व्यापाऱ्यांशी बोलतो आणि प्रभू येशू एका कारभाऱ्याची गोष्ट सांगतो. दोन्ही वाचनांत माप आहे, तराजू आहे, हिशोबाचा कागद आहे. आपण रविवारी वेदीसमोर येतो आणि सोमवारी दुकानात, कचेरीत, शेतात जातो. देव मात्र दोन्ही ठिकाणी तोच असतो. आपला सोमवारचा व्यवहार रविवारच्या प्रार्थनेला साजेसा व्हावा म्हणून ह्या मिस्साबलिदानात विशेष कृपा मागू या.

मनन-चिंतन

काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक मावशी माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. बडनेरा रोडच्या बाजूला त्यांचे छोटे किराणा दुकान आहे. त्यांना एक फोन आला होता. फोनवरचा मुलगा गोड बोलला, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. दुकानात कार्डाचे मशीन बसवून देतो, मशीन फुकट, कमिशन शून्य टक्के, नको वाटले तर केव्हाही परत करा, पण ही योजना आजच संपते, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी एक माणूस अकरा पानांचा इंग्रजी कागद घेऊन दुकानात हजर झाला. मावशी त्याला थांबवून माझ्याकडे आल्या. "फादर, मले इंग्रजी येत नाही, तुम्हीच पाहा जी," असे म्हणाल्या.

मी पाहिले. पहिले पान पाहिले. त्या दिवशी मला एका अंत्यविधीला जायचे होते, घाई होती. मी म्हणालो, "ठीक दिसतंय, मावशी." त्यांनी सही केली.

पुढच्या महिन्यात त्यांच्या बँक खात्यातून 590 रुपये गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा 590. मशीन "फुकट" होते, पण त्याचे भाडे दरमहा 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी होता. भाडे खात्यातून आपोआप वळते करून घेण्याची परवानगी सातव्या पानावर होती. मशीन 36 महिने ठेवलेच पाहिजे, आधी परत केले तर उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे भरावे लागेल, हे नवव्या पानावर होते. 590 गुणिले 36 म्हणजे 21,240 रुपये. मावशींच्या दुकानात महिन्याला फार तर 6,000 रुपयांची विक्री क्रेडिट कार्डावर होई. त्यात नफा साधारण 600 रुपये. त्यातून कार्डाचे दोन टक्के, म्हणजे 120 रुपये, कापले जात. उरले 480 आणि भाडे 590. म्हणजे दरमहा 110 रुपये पदरचे घालून मावशी ते मशीन सांभाळत होत्या.

मग "शून्य टक्के" हे खोटे होते का? बंधु-भगिनींनो, येथेच खरी मेख आहे. ते अर्धे खरे होते. यूपीआयने बँक खात्यातून थेट येणाऱ्या पैशांवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचे नाही, हा 1 जानेवारी 2020 पासून देशाचा कायदाच आहे. आपल्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेक जण स्कॅन करूनच पैसे देतात. म्हणजे जे मावशींना कायद्याने आधीच मिळत होते, तेच त्या मुलाने मेहेरबानी म्हणून विकले. क्रेडिट कार्डाच्या कमिशनाला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. त्याचा दर त्याने सांगितलाच नाही आणि भाड्याविषयीही तो गप्प राहिला. सैतानही एदेन बागेत सगळेच खोटे बोलला नव्हता. अर्धे सत्य हे त्याचे जुने हत्यार आहे.

आता आमोस संदेष्ट्याकडे वळू या. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या फळझाडांची निगा राखणारा साधा माणूस. ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात त्याने इस्राएलच्या व्यापाऱ्यांना सुनावले. त्यांचे तीन दोष तो दाखवतो : धान्य मोजायचे माप ते लहान करतात, पैसे तोलायचे वजन जड करतात आणि तराजू बिघडवून ठेवतात. ते सणवार पाळत होते, शब्बाथ पाळत होते, पण सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, इकडे त्यांचे लक्ष होते. अशा लोकांची कृत्ये आपण कधीच विसरणार नाही, असे देव शपथेवर सांगतो. देव पापी माणसाला क्षमा करतो हे आपण नेहमी ऐकतो. पण गरिबाला फसवलेला हिशोब फिटेपर्यंत देव तो लक्षात ठेवतो, हेही पवित्र शास्त्रच सांगते.

आपल्या वऱ्हाडाला खोट्या मापाची गोष्ट नवी नाही. कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा. शेतकरी समोर उभा असे, पण आपला माल कितीला गेला हे त्याला कळत नसे. वर कडता, हमाली, धर्मादाय अशा नावांनी वजनातून आणि पैशांतून कपात होई. भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली आपल्याच वऱ्हाडातील कारंजा येथे सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. व्यवहार उघड्यावर आणा, ही साधी मागणी मान्य व्हायला इतका काळ गेला. आज रुमाल गेला आणि त्याच्या जागी फोन आणि अकरा पानांचा इंग्रजी कागद आला. भाव आजही झाकूनच ठरतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत जुलै 2022 मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने टेक्सास राज्यातील फर्स्ट अमेरिकन पेमेंट सिस्टिम्स ह्या कंपनीवर कारवाई केली. कार्डाचे व्यवहार सांभाळणारी ही कंपनी छोट्या व्यावसायिकांना पैसे वाचतील, केव्हाही बंद करता येईल असे सांगते आणि मग बाहेर पडताना दंड आकारते, असा आरोप होता. फसलेल्यांपैकी अनेकांना इंग्रजी नीट येत नव्हते. अखेर तडजोडीत कंपनीला 49 लाख डॉलर द्यावे लागले. परक्या भाषेतला कागद आणि घाईची सही हे तिथलेही सूत्र होते.

आता शुभवर्तमानातला कारभारी पाहा. तो धन्याच्या ऋणकऱ्यांना एकेक करून बोलावतो, त्यांचाच कागद त्यांच्या हाती देतो आणि लवकर बसून नवा आकडा लिहायला सांगतो. शंभर माप तेलाचे पन्नास, शंभर माप गव्हाचे ऐंशी. घाई, कागद, आकडा, सगळे तेच. मग प्रभू येशू त्याची वाखाणणी का करतो? तो त्याच्या अप्रामाणिकपणाची वाखाणणी करत नाही, हे नीट समजून घ्या. तो त्याच्या हुशारीकडे बोट दाखवतो. जगाचे लोक आपल्या फायद्यासाठी किती डोके चालवतात! प्रकाशाची लेकरे मात्र देवाच्या कामासाठी आणि शेजाऱ्याच्या भल्यासाठी तितके डोके चालवत नाहीत. हा ठपका प्रभूने माझ्यावर ठेवला आहे. मी भला हेतू ठेवला, पण नववे पान वाचले नाही. नुसता भला हेतू म्हणजे कारभार नव्हे.

ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. गेल्या महिन्यात अकोल्याचा एक तरुण आपल्याकडे नातेवाइकांकडे आला होता. मिस्सा झाल्यावर चर्चच्या अंगणात तो माझ्याशी बोलला. हे पापनिवेदनातले बोलणे नव्हे आणि नाव न घेता लिहायला त्याने परवानगी दिली आहे. तो एका शहरात अशाच फोनच्या कामावर आहे. "फादर, समोर कागद असतो, त्यावरचंच बोलायचं. मला वऱ्हाडची यादी देतात, कारण माझी बोली ऐकली की लोक विश्वास ठेवतात. भाड्याचं आपण होऊन सांगायचं नाही आणि कोणी विचारलं तर विषय बदलायचा," असे त्याने सांगितले. घरी वडील आजारी आहेत आणि पगार टार्गेटवर अवलंबून आहे. शेवटी तो म्हणाला, "मी त्या बायांना मावशी म्हणतो, फादर. तेच मला बोचतं."

बंधु-भगिनींनो, फसणाराही आपला आणि फसवणाराही आपला. दोघेही त्याच बाकावर गुडघे टेकतात, तोच ख्रिस्तप्रसाद घेतात. म्हणून आज कोणाकडे बोट दाखवून घरी जाता येणार नाही. "मी फक्त नोकरी करतो" हे उत्तर आमोसाच्या काळातील मापाऱ्यानेही दिले असते. माप लहान करणारा धनी मोठा दोषी खरा, पण माप हातात धरणारा निर्दोष नसतो. सातवी आज्ञा चोरीविषयी आणि आठवी खोट्या साक्षीविषयी आहे. दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन पैसे काढणे ही चोरीच आहे, असे ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट सांगते. आणि चोरीची क्षमा मागताना घेतलेले परत करायचे असते. जक्कयाने चौपट देऊ केले, तेव्हा त्याच्या घरी तारण आले.

त्या तरुणाला मी काय सांगितले? नोकरी सोड, असे मी सांगितले नाही. त्याच्या घरचा हिशोब मला ठाऊक आहे. मी एवढेच म्हणालो, "बाळा, भाडे किती आणि मशीन किती दिवस ठेवावे लागेल, ह्या दोन गोष्टी प्रत्येक मावशीला सांग. मग तिला ठरवू दे." त्याने तसे सुरू केले. त्याचे आकडे खाली आले आणि पुढच्या महिन्यात नोकरी राहील की नाही हे त्याला माहीत नाही. येथे आपली परीक्षा आहे. आपल्यापैकी कोणाच्या दुकानात, शाळेत, कारखान्यात प्रामाणिक मुलासाठी जागा असेल, तर मला येऊन सांगा. खरे बोलण्याची किंमत त्याने एकट्याने का मोजावी?

मावशींचे पुढे काय झाले, तेही सांगतो. बँकेत लेखी अर्ज देऊन खात्यातून होणारी कपात थांबवली. कंपनीला लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवली, त्याला पैसे पडत नाहीत. शेवटी मशीन परत गेले. पण सात महिन्यांचे 4,130 रुपये मिळाले नाहीत. त्यातली अर्धी रक्कम द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "थे पैसे नको जी, फादर. पुढच्या खेपेले कोनी कागद आनला, त शेवटचं पान बी वाचजा."

प्रकाशाच्या लेकरांनी हुशार व्हावे म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवू या. "आज शेवटचा दिवस" असे कोणी म्हणाले की त्या दिवशी सही करायची नाही. भाडे किती, मुदत किती, बाहेर पडताना काय द्यावे लागेल आणि क्रेडिट कार्डाचा दर किती, हे चार प्रश्न विचारायचे आणि उत्तर मराठीत लिहून मागायचे. सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याकडे ठेवायची. बँकांचे जाहिरातीचे फोन 140 ने आणि सेवेचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये सांगितले आहे. साध्या मोबाइल क्रमांकावरून "बँकेतून बोलतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. असे फोन नको असतील तर 1909 वर नोंद करा. ओटीपी घेऊन कोणी पैसेच काढले, तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. आणि पोटापाण्यासाठी स्वतः दुकान चालवणारा माणूस 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक मानला जातो, त्याला ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मग्रामाच्या सभागृहात एक टेबल मांडले जाईल. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते घेऊन यावेत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि कायद्याचे शिक्षण घेणारी आपली एक मुलगी ते वाचून मराठीत समजावून सांगतील. मीही बसणार आहे. शेवटच्या पानापासून सुरुवात करीन.

प्रभू म्हणतो की जो थोडक्यात विश्वासू, तो पुष्कळातही विश्वासू असतो. 590 रुपये जगाच्या हिशोबात थोडके आहेत. पण देव आपला विश्वासूपणा अशाच थोडक्यात पाहतो. उद्या सकाळी दुकानाचे शटर उघडताना, फोन कानाला लावताना किंवा तराजू हातात घेताना स्वतःला विचारू या : मी कोणाचा कारभारी आहे? प्रभू आपणा सर्वांना प्रामाणिक व शहाणे कारभारी होण्याची कृपा देवो. आमेन.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

1. आपले पोप, महागुरुस्वामी, धर्मगुरू व धर्मभगिनी यांनी गरिबांचा कारभार जागरूकपणे सांभाळावा, म्हणून प्रार्थना करू या.

2. फसवणुकीमुळे ज्यांचे पैसे गेले आणि जे लाजेने गप्प आहेत, त्यांना बोलण्याचे धैर्य व न्याय मिळावा, म्हणून प्रार्थना करू या.

3. पोटासाठी खोटे बोलावे लागते अशा तरुण-तरुणींना सन्मानाचे काम मिळावे, म्हणून प्रार्थना करू या.

4. आपल्या दुकानांत आणि घरांत खरे माप व खरा शब्द असावा, म्हणून प्रार्थना करू या.

5. आता थोडा वेळ शांत राहून आपल्या वैयक्तिक गरजा प्रभूसमोर ठेवू या.