मोजणाऱ्याची पावलं

ताडोबातून परतणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला: वाघ दिसला का? तिथे किती वाघ आहेत हे आपल्याला कसं कळतं, असं सहसा कुणी विचारत नाही. ते कळतं वनरक्षकाच्या पायपिटीमुळे.

पूर्वी गणना पगमार्कवर, म्हणजे पंजाच्या ठशांवर चाले. ठशावर काच धरायची, वरून रेघ ओढायची आणि त्यावरून वाघ ओळखायचा. मेहनत खरी होती. पण एकाच वाघाचा पंजा वाळूत वेगळा उमटतो, चिखलात वेगळा. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तोवर कागदावर ते होतेच. मारले चोरट्या शिकाऱ्यांनी. पण आपल्याच आकड्यांनी ते झाकून ठेवलं, याचं मला जास्त दुःख होतं. जंगल राखणं आणि अभ्यासणं ही दोन वेगळी खाती मानली की असं होतं.

आता कॅमेरे आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन बांधतात; कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. वनरक्षक उकिडवा बसून भिंगावरचं कोळिष्टक पुसतो, समोरचं गवत उपटतो. नाहीतर वाऱ्यावर डुलणाऱ्या एका काडीचेच शेकडो फोटो निघायचे.

पण वाघ जगतो चितळ, सांबर, रानगव्यांवर, आणि त्यांची मोजणी करायला आखलेल्या रेषेवरून पहाटे पायीच जावं लागतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये गणनेच्याच कामासाठी ताडोबातल्या कोलारा भागात पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत तीन वनमजूर होते. वाघीण वाटेवर दिसली म्हणून ते थांबले होते, मग झाडीतून वळसा घेऊन जात होते. घाई, बेफिकिरी यातलं काहीच नव्हतं. वाघ वाढल्याची बातमी वाचून मलाही आनंद होतो, पण त्या आकड्यामागे हा जीवही आहे, हे विसरता येत नाही. आणि वानरानं दिलेला इशारा ऐकून वाघ कुठल्या अंगाला आहे हे सांगणाऱ्या वनमजुराचं नाव अहवालात शोधावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद होते. गस्त चालूच असते. नाल्याकाठी ताजा ठसा दिसला की वनरक्षक खाली बसतो, टेप लावतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली वही बाहेर काढतो.